कोणत्या वॉर्डात?

मे २०२३. वरूडकडे संत्र्याच्या बागा जगवायला टँकर धावत होते आणि आमच्या दवाखान्यात रोज ऊन लागलेले पेशंट येत होते. त्या गुरुवारी दुपारी एका ऑटोवाल्यानं एकीला दारात आणून सोडलं. हिरवी साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंग तापलेलं. नरखेडकडच्या गाडीतून उतरताना ती स्टेशनवरच भोवळ येऊन पडली होती. ती कण्हली तेव्हा आवाजावरून सगळ्यांना कळलं, तृतीयपंथी आहे. बाकांवरची कुजबूज थांबली.

मी बावीस वर्षं नर्स आहे. कुष्ठाच्या जखमा धुतल्या, बेवारस प्रेतं पुसली. त्या दिवशी मात्र हात पुढे होईना. मनात पहिल्यांदा आलं ते पारायण. माझं ‘श्रीगजाननविजय’ चालू होतं, सकाळी अध्याय वाचूनच ड्यूटीवर आले होते. आज हिला शिवायचं?

हातमोजे चढवले, एकावर एक दोन. सलाइन लावलं. केसपेपरवर तिला न विचारताच ‘पुरुष’ लिहिलं आणि वॉर्डबॉयला पुरुषांच्या वॉर्डाकडे बोट दाखवलं. तिनं कसेबसे डोळे उघडले.

“सिस्टर, थ्या माणसाईत मले नका टाकू व. रातभर डोया लागनार नाई.”

बायकांच्या वॉर्डातल्या नातेवाइकांनी तोवर दार लोटून घेतलं होतं. त्यातल्याच एका आजीनं महिन्यापूर्वी नातवाच्या बारशाला अशाच एकीला साडी आणि अकराशे रुपये देऊन बाळाच्या डोक्यावर हात ठेवून घेतला होता. मला स्वतः कौतुकानं सांगितलं होतं तिनं. शेवटी ही कुणालाच नको, म्हणून ड्रेसिंग रूममध्ये कॉट टाकली.

रात्री ताप उतरला. मी सलाइन बदलायला गेले, तेव्हा पर्समधून डोकावणारी पोथी तिला दिसली.

“गजानन महाराजाच्या हाय का तुमी? मीबी.” तिनं पदराखालचं शेगावचं लॉकेट काढून दाखवलं. “माहेर कोनतं तुमचं?”

“चांदूर बाजार.”

“मंग माधान तं जवळच. गुलाबराव महाराज माईत असन तुमाले.”

माहीत नसायला काय झालं! आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात त्यांचा फोटो होता. १८८१ साली जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, तरी चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवायचे. कृष्णाची पत्नी या भावानं कुंकू लावायचे, मंगळसूत्र घालायचे. आजी हे सांगताना हात जोडायची आणि आम्हीही जोडायचो.

ती हसली. “त्याइले कोनी इचारलं का व, कोन्या वार्डात टाकू म्हनून?”

मला उत्तर सुचलं नाही. महाराजांचा तो भक्तिभाव, हिचं जगणं निराळं, अशी जुळवाजुळव मी मनात करत राहिले. पण ती टिकेना. देव्हाऱ्यातल्या कुंकवाला मी लहानपणापासून हात जोडत आले होते आणि समोरचं कुंकू पाहून दोन-दोन मोजे चढवले होते. पोथीत कुठंच मला कोणी अडवलं नव्हतं. किळस माझी होती, नाव मी पारायणाचं पुढे केलं होतं.

पहाटे मोजे न घालता तिची नाडी पाहिली. केसपेपर काढला, तिला विचारलं आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं. आपली ओळख स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं सांगायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला म्हटलं होतं. २०१९ च्या कायद्यानं तर दवाखान्यात भेदभाव करायला मनाईच केली. मी नर्सिंगला होते तेव्हा यातलं काही नव्हतंच, हे खरं. पण नंतरच्या इतक्या वर्षांत मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत एक बाई मुलाला घेऊन आली. मुलगा लग्नाला तयार नव्हता. आपल्याला मुलगेच आवडतात, असं त्यानं घरी सांगितलं होतं. अंगारा, लिंबू, उतारा सगळं करून झालं होतं. आता तिला ‘सुधारायचं इंजेक्शन’ हवं होतं. मी तिला बाजूला नेलं. हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि असा ‘इलाज’ करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलंय, हे तिला समजेल तसं सांगितलं. मुलगा बाहेर बाकावर खाली मान घालून बसला होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. गळ्यातलं शेगावचं लॉकेट मुठीत धरून म्हणाली, “सिस्टर, तुमचं पोट्टं असतं तं तुमी काय केलं असतं?”

माझा मुलगा तेव्हा बारावीत होता. तिच्याशी खोटं बोलवेना.

“आधी रडली असती बाई,” मी म्हटलं. “मंग घरी नेलं असतं.”