कोयता कोणी आणला नाही

गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी वेदीजवळ उभा राहून दानधर्मावर प्रवचने देत आलो आहे. भाविक ऐकतात, खिशात हात घालतात, झोळी भरते. ती झोळी पुढे कोठे रिकामी होते आणि तेथे काय उगवते, हे पाहण्याचा योग मात्र माझ्या आयुष्यात उशिरा आला. तो अनुभव वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

२२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरच्या माथ्यावर कोसळलेला पाऊस पोटात घेऊन सावित्री पोलादपूरवरून खाली धावली आणि महाड शहर पाण्यात बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये येथे डोंगर खचला व ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. करोनामुळे त्या दिवसांत चर्चची दारे भाविकांसाठी बंद होती. तरीही वसईतील आमच्या धर्मग्रामातील माणसे फाटकाशी येऊन कपडे, चादरी, तांदूळ ठेवून गेली. ट्रक भरला. ट्रकवर धर्मग्रामाच्या नावाचा फलक लावावा, ही सूचना माझीच. आणि त्या फलकाशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेणाराही मीच.

पोलादपूरच्या डोंगरातील एका वाडीची कुटुंबे शाळेच्या खोल्यांत आसऱ्याला होती. आमचे सामान उतरवताना माझे लक्ष ओटीकडे गेले. आमच्या आधी येऊन गेलेल्यांनी दिलेले कपडे तेथे ढिगाने पडले होते. पावसात भिजून त्यांना वास येऊ लागला होता. एक साठीची बाई भिंतीला टेकून आमची धावपळ पाहत होती. मी दिलेली चादर तिने घेतली, घडी न मोडता मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, कपडं लय आलं. पन आमचा कोयता, कुदळ मातीखाली गेली, ती कुनी आनली न्हाय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शेतात काय काय गेले, याचा हिशेब ती मनाशी करीत होती. परतीच्या वाटेवर ट्रकवरचा तो फलक मला बोचू लागला.

'निर्वासित' म्हटले की आपल्याला फाळणी आठवते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी बांधवांनी पापड-लोणच्यापासून सुरुवात करून आजचे उल्हासनगर उभे केले. आपल्याच डोंगरात घर गमावलेल्या माणसाला आपण हा शब्द लावीत नाही, पण त्याचे दुःख वेगळे नसते. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. त्यांपैकी दासगावची काही कुटुंबे दहा वर्षे उलटल्यावरही पत्र्याच्या शेडमध्येच दिवस काढीत होती. डोक्यावर पत्रा मिळतो. हाताला काम मिळाले नाही, तर तोच पत्रा कायमचा होऊन बसतो.

सेमिनरीत शिकलेला एक धडा मला त्या दिवसांत नव्याने उमगला. दुष्काळात सापडलेल्या यहूदियातील बांधवांसाठी अंत्युखियाच्या ख्रिस्तसभेने वर्गणी गोळा केली. पुढे संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी गावोगावच्या ख्रिस्तसभांकडे मदत मागितली आणि करिंथकरांना या दानामागचा हेतू समजावून सांगितला: आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची. मागणारा हा पौल स्वतः तंबू करून पोट भरणारा कारागीर होता. घेणाऱ्यालाही एक दिवस देता यावे, ही त्याची अपेक्षा होती. मी मात्र इतकी वर्षे या शिकवणीचा पूर्वार्धच सांगत आलो होतो.

२०२२ च्या उपवासकाळात आम्ही पुन्हा झोळी फिरवली. या वेळी कपडे नकोत, असे मी वेदीवरून स्पष्ट सांगितले. ईस्टर १७ एप्रिलला होता. मृगाच्या पावसाआधी अवजारे आणि नाचणी-वरीचे बियाणे वाडीत पोहोचले, तरच उपयोग होता. वाडीतल्या स्त्रियांनीच यादी केली: कोयते, कुदळी, फावडी, बियाणे, चार शेळ्या, एक शिलाई मशीन. ज्याला जमेल त्याने सुगीनंतर निम्मी किंमत वाडीच्याच पेटीत टाकावी आणि त्यातून पुढच्या गरजूला द्यावे, असे ठरले.

या 'निम्म्या किमती'वरून आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये मोठा वाद झाला. "फादर, दान दिले की हात झटकावेत. परत मागायचे, तर आपल्यात आणि सावकारात फरक काय?" एका ज्येष्ठ सभासदाने विचारले. प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "पैसा आपल्याकडे येणार नाही, व्याज नाही, सक्तीही नाही." तरी ते गृहस्थ नाराजच राहिले. मात्र त्या रविवारी झोळीत सर्वांत मोठी नोट त्यांचीच पडली.

सगळे सुरळीत झाले, असे लिहिणे खोटेपणाचे होईल. एक शेळी मेली. शिलाई मशीन काही महिने कोपऱ्यात पडून राहिले. दोन कुटुंबे वाट न पाहता मुंबईला निघून गेली. पोलादपूरच्या कितीतरी घरांनी पूर्वीपासून हीच वाट धरली आहे. पेटीतही सगळ्यांनी पैसे टाकले नाहीत.

पुढच्या वर्षी पावसाआधी मी वाडीत गेलो, तेव्हा पेटीत जेमतेम काही नाणी होती. माझा चेहरा पाहून तीच बाई हसली. पलीकडच्या वाडीतल्या एका विधवेचा गोठा वाऱ्याने पडला होता. पेटीतले पैसे तिला पत्र्यांसाठी दिले होते. "तुमाला इचारायचं ऱ्हायलं," ती म्हणाली.

विचारायचे राहिले, याचा मला मनापासून आनंद झाला. निघताना तिने नाचणीची एक पुरचुंडी माझ्या हाती ठेवली. मी नको म्हणणार होतो. तोंडातला शब्द तसाच गिळला आणि दोन्ही हातांनी ती घेतली.

येत्या उपवासकाळात आपल्या धर्मग्रामात पुन्हा झोळी फिरेल. कपाटातले जुने कपडे काढण्यापूर्वी, समोरच्या माणसाचे मातीखाली काय गेले आहे, हे एकदा त्यालाच विचारूया.