चार मात्रा आणखी

मावशीने क्लासची किल्ली हातात ठेवली तेव्हा सोबत एक लांबट वहीही दिली. वहीच्या प्रत्येक पानावर एक घर. मुलाचं नाव, हार्मोनियम की तबला, कुठल्या परीक्षेला बसवायचं, फी कधी आली. ठाण्याला नौपाड्यातल्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर तिने २६ वर्षं हा क्लास चालवला, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून मध्यमेपर्यंत मुलं तयार केली. गुडघ्यांनी अगदीच ऐकेनासं केलं तेव्हा ती लेकाकडे पुण्याला गेली. मी तेव्हा ४३ वर्षांचा, कारखान्यातली नोकरी नुकतीच सोडलेली, कॉलेजपासून गिटार वाजवत आलेला. वाजवता येतं, म्हणजे क्लासही चालवता येईल, असं मला मनापासून वाटत होतं.

पहिले तीन महिने वहीप्रमाणे गेले. मग एका संध्याकाळी, मुलीचा वर्ग सुटायची वाट बघत बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या एक ताई आत आल्या. बँकेत अधिकारी आहेत. म्हणाल्या, "सर, मोठ्या माणसांसाठी काही करता का हो? मला गायचंय. पण भावगीत नको. कॉलेजात आमच्या वर्गातली मुलं रॉक वाजवायची, आम्ही मुली नुसत्या ऐकायला." इतक्या हळू बोलल्या की मला दोनदा विचारावं लागलं.

महिन्याभरात पाच जण जमले. ताई गाणार. एक दातांचे डॉक्टर, गिटारवर. औषधाचं दुकान असलेले एक दादा, बेसवर. हार्मोनियमची मध्यमा झालेल्या एक वहिनी, कीबोर्डवर. आणि वीज खात्यातून निवृत्त झालेले काका, ज्यांनी चाळीस वर्षं भजनाला तबला वाजवला होता आणि आता त्यांना ड्रम शिकायचा होता. ड्रमसाठी वसईहून एक सर येऊ लागले, तिकडच्या लग्नांत वाजवणारे. मंगळवार आणि शुक्रवार, साडेआठ ते पावणेदहा. त्याआधी कुणी लोकलमधून उतरत नाही, आणि त्यानंतर वाजवण्याची माझी हिंमत नव्हती.

कागदपत्रांचं काम सोपं निघालं. मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते, आणि सोसायटीची परवानगी मावशीच्या काळापासूनची होती. आवाजाचं काम मात्र अजूनही संपलेलं नाही.

मी ऐकीव माहितीवर भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, दारावर जाड पडदा लावला. आतला घुमारा थोडा कमी झाला, खोली जरा छान वाटायला लागली, आणि दुसऱ्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत खाली आले. रागावले नव्हते. "एकदा वर येऊन बस," एवढंच म्हणाले. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना वाजवायला सांगून मी वर गेलो आणि आजोबांच्या पलंगावर त्यांच्याशेजारी बसलो. मला वाटलं होतं गिटारचा गोंगाट ऐकू येईल. गिटार जवळजवळ नव्हतीच. ताईंचा आवाज नव्हता, कीबोर्डही नव्हता. येत होती ती फक्त किक ड्रमची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची धडक. धप्प, मग मध्ये काही नाही, मग पुन्हा धप्प. पलंगाच्या लोखंडी पायातून ती माझ्या मांडीपर्यंत येत होती. आजोबा म्हणाले, "गाण्याचा त्रास नाही रे मला. कोणीतरी दार वाजवतंय आणि मला उठायला हवं, असं वाटत राहतं."

त्या पलंगावर बसून मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. खोलीतला प्रतिध्वनी शोषणं वेगळं आणि आवाज बाहेर जाऊ न देणं वेगळं. हलक्या, मऊ वस्तू वरचे स्वर थोडेफार शोषतात. खालच्या स्वरांना अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. किकचा धक्का तर हवेतून जातच नव्हता, ड्रमच्या पायांतून फरशीत, फरशीतून खांबात आणि खांबातून वर चढत होता. मग ड्रमखाली एक चौथरा केला. प्लायवुडचे दोन थर आणि मधे टेनिसचे चेंडू, म्हणजे ड्रमचं वजन फरशीवर थेट न येता चेंडूंवर तरंगतं. किकच्या पोटात घोंगडी भरली, दाराच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या. निवासी भागात ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. पण माझं मोजमाप त्या नियमाचं नव्हतं, आजोबांच्या पलंगाचं होतं. आता येतो तो आवाज दूरच्या घरातल्या उखळासारखा, असं ते म्हणतात. ते झोपतात. मी अजूनही महिन्यातून एकदा वर जाऊन बसतो.

खोलीच्या आतही आवाजाचा प्रश्न होताच. डॉक्टरांना स्वतःची गिटार ऐकू येईना म्हणून ते ॲम्प वाढवायचे. मग दादांना बेस ऐकू येत नसे, ते वाढवायचे. काका जोर लावायचे. ताई ओरडून घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेत घसा धरून बसायच्या. फोनवरचं ॲप अचूक नसतं हे मान्य, पण त्यावर आकडा शंभराच्या पुढे गेलेला मी पाहिला. कामाच्या जागेवरच्या आवाजाबद्दल अमेरिकेतली एक शिफारस आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आमचा वर्ग सव्वा तासाचा. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा स्वतःच घाबरलो, कारण या पाच माणसांचे कान माझ्या भरवशावर होते. तेव्हापासून कानात प्लग, आणि एकच रीत. आधी ताईंचा आवाज लावायचा, बाकीच्यांनी त्याच्या खाली राहायचं. शब्द कळले नाहीत तर वाजवणाऱ्याने आपला हात हलका करायचा.

आता काकांबद्दल, कारण सगळ्यात जास्त मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांना ताल शिकवावा लागणार नाही अशी माझी खात्री होती. पहिल्याच दिवशी साधा रॉकचा ठेका दिला. चार मात्रा, पहिली आणि तिसरी किकवर, दुसरी आणि चौथी काठीने वाजवायच्या स्नेअर ड्रमवर. आठ-दहा आवर्तनं नीट जायची आणि मग स्नेअर सरकत सरकत पहिल्या मात्रेवर येऊन बसायचा. काकांना ते कळायचं, थांबायचे, कपाळ पुसायचे. "सर, हात समेकडे ओढतो हो."

हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. आपली टाळी समेवर पडते. भजनात, आरतीत, कीर्तनात सगळा जमाव पहिल्या मात्रेवर एकत्र येतो. रॉकमध्ये पहिली मात्रा असते, पण जोर तिच्यावर नाही, दुसरीवर आणि चौथीवर असतो. ज्याच्या हाताने चाळीस वर्षं समेवर धा दिला, त्याला त्या मोकळ्या जागेत वजन टाकायला सांगणं म्हणजे जिना उतरताना एक पायरी सोडून पाय टाकायला सांगण्यासारखं. पाचही जणांचं थोडंफार तेच होत होतं.

मग वाद्यं बाजूला ठेवली. क्वीनचं १९७७ सालचं 'वी विल रॉक यू' घेतलं, कारण शेवटची गिटार येईपर्यंत त्यात पाय, टाळ्या आणि गळाच आहे, ड्रमचा संच नाहीच. पाय, पाय, टाळी. टाळी बरोबर दुसरीवर आणि चौथीवर. आजोबांसाठी चटईवर अनवाणी. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच मुलांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड त्याने काढला, हे मी सांगितलं तर ताई टाळी द्यायची विसरून बघतच राहिल्या. "आमच्या पाचगणीला?" त्यानंतर हे संगीत दुसऱ्या कुणाचं आहे, हा त्यांचा संकोच बराचसा गेला, असं मला वाटतं. आणि काकांचं एक सांगायलाच हवं. ड्रमवर फिल, म्हणजे ओळ संपतानाची छोटी भरती, वाजवून झाला की क्रॅश झांज नेमकी पहिल्या मात्रेवर पडावी लागते. नव्या माणसाला ते महिनोन्महिने जमत नाही. काकांना ते सांगावं लागलं नाही. तिहाई घेऊन समेवर येणाऱ्या माणसाला ते घरचंच होतं.

पट्टीचा घोळ वेगळाच. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "माझी काळी पाच." वहिनींना लगेच कळलं, डॉक्टरांना काहीच नाही. काळी पाच म्हणजे ए शार्प, आणि नवीन गिटारवाल्याला त्या पट्टीत सहज वाजणाऱ्या कॉर्ड फारशा मिळत नाहीत. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं 'हॅव यू एव्हर सीन द रेन' बसवायचं ठरलं होतं. मूळ पट्टी पांढरी एक. मी तिसऱ्या पडद्यावर कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चाप लावला आणि डॉक्टरांना जी, डी, सी आणि ई मायनर एवढ्या चारच कॉर्ड धरायला दिल्या. वाजत होती काळी पाच. वहिनींनी फळ्यावर दोन रकाने केले, एकीकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, दुसरीकडे ए-बी-सी. तो फळा मी अजून पुसलेला नाही.

वर्गाच्या हिशेबाबद्दल थोडं. हार्मोनियमच्या वर्गात एक मूल आलं नाही तर बाकीच्यांना थोडा जास्त वेळ मिळतो. बँडमध्ये बँकेचं ऑडिट लागलं की ताई नाहीत, रुळांवर पाणी आलं की डॉक्टर नाहीत, आणि वर्गच होत नाही. वसईच्या सरांना मात्र त्या दिवसाचेही पैसे द्यायचे. मावशीच्या वहीत एका घराला एक पान होतं. इथे पाच घरांना मिळून एकच पान लागतं, हे समजायला मला पाच महिने लागले आणि बरंच नुकसान झालं. आता बँडची फी सगळ्यांची मिळून तीन महिन्यांची आगाऊ घेतो, आणि कोण येणार नाही ते आदल्या रात्रीच ग्रुपवर कळवायचं.

गणपतीत सोसायटीच्या मांडवात चौथ्या दिवशी आम्हाला पंधरा मिनिटं दिली. आरती झाली, खुर्च्या लागल्या, आजोबा पहिल्या रांगेत. पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्यात ताईंचा दुसऱ्या कडव्याचा प्रवेश चुकला. डॉक्टरांनी वाजवता वाजवता मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी, बाजूला उभा असलेला मी, हात वर केला. वर्गात करायचो तसाच. पाचही जण एकदम थांबले. मांडवात इतकी शांतता झाली की प्रसादाच्या द्रोणांची खडखड ऐकू आली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, पण ताई नंतर कुणाशी न बोलता घरी गेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मीच त्यांना थांबायला शिकवलं होतं. मावशीने मला तसंच शिकवलं. सूर चुकला की थांब, मागे जा, पुन्हा घे. एकट्याने बसून सूर घासायचा असेल तर ती रीत खरी आहे आणि मी ती सोडणार नाही. पण पाच जण एकत्र चालत असताना एकाच्या चुकीसाठी मी दर वेळी पाचांना थांबवलं होतं. आठ महिन्यांत एकही गाणं वर्गात चुकीसकट शेवटपर्यंत गेलं नव्हतं.

वसईच्या सरांना हे सांगितलं. ते चहा ढवळत म्हणाले, "लग्नात नवरी दारातून आत यायला उशीर होतोच. कधी साडी अडकते, कधी फोटोवाला थांबवतो. आम्ही बंद नाय करत. तेच चार बार फिरवत राहतो. ती आली की पुढे." मग काकांना म्हणाले, "तुम्ही लग्गी लावता ना भजनात, बुवांचा श्वास लागला की? तेच." काकांनी मान हलवली. हे त्यांना माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं, फक्त ते इथे चालतं हे मी त्यांना कधी कळू दिलं नव्हतं.

पितृपक्ष संपल्यावरचा मंगळवार. तेच गाणं. मी फक्त एवढंच सांगितलं की आज मी बोलणार नाही. पहिलं कडवं झालं, धृपद झालं, आणि ताई पुन्हा चुकल्या. त्याच जागी. त्यांचे डोळे माझ्याकडे आले. माझा उजवा हात मिक्सरवर होता, तो मी काढून पाठीमागे धरला. डॉक्टरांनी जी कॉर्ड सोडली नाही. दादांनी खालचा स्वर धरून ठेवला, वहिनींनी डाव्या हाताची एकच पट्टी दाबून ठेवली. काकांनी ताईंकडे पाहिलं आणि स्नेअर हलका केला, नुसता हाय-हॅट ठेवला. चार मात्रा. पुन्हा चार. पुन्हा चार. मग काकांनी भुवया उंचावल्या, एक छोटा फिल घेतला, क्रॅश समेवर पडली, आणि माइकमधून ताईंनी श्वास घेतल्याचा आवाज खोलीभर आला.