येनाच्या सालीतली मगर

इथे जंगल हाकेच्या अंतरावर असतं आणि पोरांना तिथे जायची बंदी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात वाघ शिवेपर्यंत येतो. मोह वेचायला किंवा सरपणाला गेलेलं माणूस परतलं नाही, असं दर वर्षी घडतं. म्हणून अंगणवाडीतल्या पोरांचं रान मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर संपतं. तिथे काड्या, पिसं, शंखुल्या, पाण्याने गुळगुळीत केलेले खडे मिळतात. उरलेलं जंगल आई-आजीच्या टोपलीतून ओट्यावर येतं.

टोपली थेट पोरांच्या हाती मात्र जात नाही. आजी आधी निवडते. बिब्बा बाजूला, त्याचं तेल कातडी जाळतं. गुंज लालचुटुक, मोहात पाडणारी, पण विषारी. चिमुकल्यांना ती नाहीच. खाजकुयलीच्या शेंगेला तर उंबऱ्याबाहेरूनच निरोप. मग राहतात बेहडे, सागरगोटे, बांबूची पेरं, सालींचे तुकडे.

अशाच एका सकाळी एका मुलीने येनाच्या सालीचा तुकडा उचलला. येनाची, म्हणजे ऐनाची, साल जाड, चौकोनी भेगांची. तिने ती जमिनीवर आडवी ठेवली, वर दोन सागरगोटे बसवले आणि ओरडली, ‘‘पाय ना बाई, मगर हाये!’’ सालीला तिने कुठे कापलं नव्हतं, रंगवलं नव्हतं. मगर तिथे होतीच. हिने फक्त डोळे दिले.

हीच मुलगी कागद पुढे आला की ‘‘बाई, तुम्हीच काढून द्या’’ म्हणते. मला यात तिचा दोष दिसत नाही. कोरा कागद फार मागणारा असतो. रेघ तुम्ही आणा, आकार तुम्ही आणा, तो नुसता बघत बसणार. साल तसं करत नाही, अर्धं काम तिचं तिने आधीच केलेलं असतं. आणि गंमत बघा, बल्लारपूरच्या गिरणीत कितीतरी कागद झाला तो याच रानांतल्या बांबूचा लगदा करून. गाठी, पेरं, खरखर, सगळं काढून टाकलेला बांबू आपण पोरापुढे ठेवतो आणि म्हणतो, आता कल्पना लढव.

रानातल्या वस्तू पोरांच्या हाती देणं नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. पुष्कळांना ती काटकसर वाटते. असेलही. पण लाकडी ठोकळे सगळे सारखे असतात. दोन बेहडे कधी सारखे नसतात, आणि चार वर्षांच्या बोटांना तो फरक आपल्याआधी कळतो.

रंगही रानाच्या वेळापत्रकाने येतात. फाल्गुनात पळसाची फुलं उकळून केशरी पाणी. पहिल्या पावसानंतर सागाचं कोवळं पान तळहातावर चोळायचं, तळवा लालभडक; मग भिंतीवर ठसे, पाटीवर ठसे, शेजारच्याच्या पाठीवर ठसे. पाठीवरचे जास्त.

पावसाळा सरत आला की सागावर अळी पडते. पानातलं हिरवं खाऊन ती शिरा तेवढ्या मागे ठेवते. लागवड करणाऱ्याच्या लेखी हे नुकसान. पोरं मात्र ती जाळी ओट्यावर पसरतात, वरून चुलीतली राख भुरभुरतात आणि अलगद उचलतात. खाली पानाचं चित्र. अळी अजून पानावर असेल तर ते पान खेळात घेत नाहीत. ‘‘तिचं होऊ दे’’ म्हणून झाडाखाली ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच तिघं-चौघं तिथे उकिडवी बसलेली असतात, आणि अळीने अजून अर्धंच पान खाल्लंय म्हणून तिच्यावर चिडलेली असतात.