कूलिंग कधी जातं, कधी येतं

पूर्ण बंद पडलेल्या एसीचं दुखणं लवकर सापडतं. गॅस गेलेला असतो, कॉम्प्रेसर जाम असतो, नाहीतर फ्यूज उडालेला असतो. गेज लावलं, टेस्टर फिरवला की दोष हाती लागतो. कस लागतो तो अधूनमधून जाणाऱ्या कूलिंगला. अशी गाडी शेडमध्ये येते तेव्हा झकास गार हवा देत असते आणि मालक ओशाळून म्हणतो, "आत्ता चाललाय बरोबर, पण वाटेत जातोय हो मिस्त्री." मी त्याचं म्हणणं खरं धरतो. रस्त्यावर गाडीत तो बसलेला असतो, मी नसतो.

गेज फक्त आत्ताचं दाखवतं, आणि दोष आत्ता नसतो. म्हणून नळ्या जोडण्याआधी मी विचारत बसतो. निघाल्यावर किती वेळानं जातं? सिग्नलला, चढावर की सरळ हायवेला? वारा येतो पण गरम येतो, की वाराच कमी होतो? आणि परत येतं ते चालता चालता, की गाडी थोडा वेळ बंद ठेवल्यावर? या उत्तरांत निम्मं निदान असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी आधी हे प्रश्न शिकवले, गॅस भरणं नंतर.

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त विकलं जाणारं औषध म्हणजे गॅस, आणि याची मला मनापासून चीड आहे. आर-१३४ए हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो, लहान गाडीत जेमतेम चार-पाचशे ग्रॅम. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळाला आहे, आणि गळालेला गॅस चहा पिऊन येईपर्यंत परत येत नाही. कमी गॅसची खूणही निराळी असते: कॉम्प्रेसरचा क्लच दर काही सेकंदांनी टक-टक करत लागतो आणि सुटतो. कूलिंग अर्ध्या तासानं आपोआप येत असेल तर वर आणखी गॅस कोंबणं म्हणजे नवा आजार देणं. कंडेन्सरमध्ये जागा उरत नाही, हाय साइडचं प्रेशर चढतं आणि भर उन्हात प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो. मग गाडीत एकाऐवजी दोन दोष होतात, आणि दोन्ही अधूनमधूनचे.

एक सात आसनी गाडी मला चांगली आठवते. ड्रायव्हर कोल्हापूर-रत्नागिरी पर्यटकांची ने-आण करायचा. मलकापूरपर्यंत कूलिंग उत्तम, आंबा घाट उतरला की खलास. साखरप्याला चहाला थांबलं की पुन्हा गार. आधी दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. "मिस्त्री, पैशाचं बघू नका, पण घाट उतरल्यावर पॅसेंजर माझ्या तोंडाकडं बघतात," एवढंच तो म्हणाला. शेडमध्ये गेजचे दोन्ही काटे जागच्या जागी होते. मी त्याच्या शेजारी बसून घाट उतरलो.

मागच्या सीटवर त्यानं घरची माणसं घेतली होती. ती झोपली तसा त्यानं ब्लोअर एकवर आणला. उतारावर गिअर खालचा, त्यामुळे इंजिन जोरात फिरत होतं आणि त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरही. बाहेर कोकणाची ओली हवा. मी जाळीवर तळहात धरून होतो. ब्लोअरचा आवाज तोच, पण वारा हळूहळू पातळ होत गेला आणि शेवटी हाताला लागेनासा झाला. मी क्लचच्या आवाजाकडे कान लावला होता. घाट सुरू झाल्यापासून तो एकदाही सुटला नव्हता. साखरप्याच्या अलीकडे थांबून इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं, तर लो साइडचा जाड पाइप कॉम्प्रेसरपर्यंत पांढराशुभ्र. निळ्या गेजचा काटा २८ पीएसआयच्या बराच खाली. या गॅससाठी २८ म्हणजे साधारण शून्य अंश. त्याखाली बराच वेळ राहिलं की कूलिंग कॉइलवर ओघळणारं पाणी फिन्समध्येच गोठायला लागतं. कॉइल बर्फानं बुजली होती. एसी बंद केल्यावर गाडीखाली पाण्याची धारच लागली.

कॉइल गोठू नये म्हणून तिच्या फिन्समध्ये एक बारीक सेन्सर खोचलेला असतो. शून्याच्या जवळ आलं की तो कॉम्प्रेसर सोडायला सांगतो, दोन-चार अंश वर गेलं की पुन्हा जोडायला. या गाडीची कॉइल कधीतरी धुण्यासाठी काढली होती आणि बसवताना सेन्सर बाहेर, कडेला लोंबता राहिला होता. तो कॉइलऐवजी भोवतालची हवा मोजत होता. सेन्सर मी आधी बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवून मीटरवर तपासला. चांगला होता. जागेवर खोचला, केबिन फिल्टर कचऱ्यानं भरला होता तो बदलला. गॅसला हात लावला नाही. तोही वजन करून भरलेला असता तर बरं झालं असतं. त्यासाठी बॉनेटखाली स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात आणि ते वाचणारे हात कमी आहेत.

चहानंतर बरा होणारा आणखी एक बर्फ असतो आणि तो जास्त फसवतो. नळ्यांच्या आत ओल राहिली की ती एक्स्पान्शन व्हॉल्वच्या बारीक भोकाशी गोठते. गॅसची वाट अडते, लो साइडचा काटा शून्याखाली व्हॅक्यूममध्ये जातो. गाडी थांबली की तो कण वितळतो आणि सगळं सुरळीत. फरक तळहाताला कळतो: इथे वारा भरपूर असतो, फक्त गरम. याला उपाय एकच, ड्रायर बदलायचा आणि व्हॅक्यूम पंप घाई न करता चालू ठेवायचा. खोल व्हॅक्यूममध्ये पाणी शेडच्या साध्या तापमानालाच उकळून निघून जातं. पण पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा असतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे काटा २८ इंचांच्या आसपास थांबतो, ३० होत नाही. पंप खराब समजून इथे लोकांनी चांगले पंप बदलले आहेत.

बाकीची कारणं ओळखायला सोपी आहेत. सिग्नलला जातं आणि गाडी पळाली की येतं, तर कंडेन्सरचा पंखा बघा. कंडेन्सरवर पाणी मारून कूलिंग परतलं तर शंका उरत नाही. खड्ड्यात जातं तर वायरिंग, नाहीतर रिलेचा तुटका टाका.

उन्हात तासभर चालल्यावर क्लच लागेनासा होतो, त्याचं कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे. मॅग्नेटच्या कॉइलचं तांबं २५ अंशांवरून १०० पर्यंत तापलं की त्याचा रोध तीस टक्क्यांच्या आसपास वाढतो, करंट पाऊणपट राहतो. क्लचची प्लेट झिजून फट वाढलेली असेल तर तेवढी ओढ तिला पुरत नाही. सकाळी थंड मॅग्नेट तीच प्लेट सहज ओढतो. अशा वेळी एखादा पातळ शिम काढून फट कमी केली की गाडी पुढे बराच काळ चालते. पुष्कळ ठिकाणी मात्र अख्खा कॉम्प्रेसर बदलला जातो.

आता अनेक नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो. तो सतत फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व गॅस कमी-जास्त ढकलतो. टक आवाज नाही, कान लावून उपयोग नाही. तो व्हॉल्व तापल्यावर अडकला तर शेडमध्ये काहीच दिसत नाही. म्हणून आता पोरगं स्कॅनर घेऊन बसतं आणि कॉइलचं तापमान, हाय साइडचं प्रेशर, व्हॉल्वला जाणारा सिग्नल असे तीन आकडे दर पाच मिनिटांनी वहीत उतरवतं. शेजारी रस्त्यावरचं ठिकाणही लिहायला मी लावतो: मलकापूर, आंबा, साखरपा. कूलिंग गेलं त्या ओळीखाली रेघ मारायची आणि रेघेच्या वरचे आकडे आधी वाचायचे.