दहा वर्षं टेकडीखाली

मित्रांनो, कॉन्व्हेंटवाल्या मुलीचं मराठी आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या! मेसच्या जेवणावर दरवर्षी कोणीतरी लिहितंच, म्हणून मी लिहितेय सँ-जेरमँ-आँ-ले या गावाबद्दल. (हे नाव नीट म्हणायला मला दोन दिवस लागले.)

गेल्या जूनमध्ये मामाकडे पॅरिसला गेले होते. निघायच्या आठवडाभर आधी रिझल्ट लागला. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये केटी! घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. आयफेल टॉवरखाली हसून फोटो काढले, पण पोटात गोळा तो होताच.

एका रविवारी मामा म्हणाला, "चल, आज गर्दी नको." आरईआरच्या ए लाइनने अर्ध्या तासात शेवटचं स्टेशन. जमिनीखालून वर येतो तर समोर थेट राजवाडा! चौदावा लुई 1638 मध्ये याच गावात जन्मला. आता राजवाड्यात पुरातत्त्वाचं म्युझियम आहे. गारगोटीची हत्यारं, गॉल लोकांच्या वस्तू... बघून बघून पाय दुखले.

मागच्या बागेतून आम्ही गच्चीवर आलो. गच्ची म्हणजे काय, जवळजवळ अडीच किलोमीटर लांब! व्हर्सायच्या बागा करणाऱ्या ल नोत्रनेच ही बांधवली. एका बाजूला झाडं, खाली सीन नदी, लांबवर पॅरिस. तिथल्या बाकावर मी मामाला केटीचं सांगून टाकलं.

मामा रागावला नाही. खाली बोट दाखवून म्हणाला, "ते ल पेक. 1837 मध्ये पॅरिसहून प्रवाशांची पहिली रेल्वे तिथपर्यंत आली. पुढे हजार मीटरला 35 मीटर चढ. तेव्हाच्या इंजिनाला झेपेना. गाडी दहा वर्षं टेकडीखालीच थांबायची."

"मग?"

"मग 1847 मध्ये रुळांच्या मधोमध नळी टाकली, आत पिस्टन, तो गाडीला जोडलेला. वरचे पंप नळीतली हवा ओढून घ्यायचे आणि मागून बाहेरची हवा पिस्टनला ढकलायची. उतरताना गाडी आपल्याच वजनाने खाली!"

"म्हणजे प्रेशर डिफरन्स..." मी पटकन बोलले आणि जीभ चावली. माझी केटी त्यातच तर होती!

1860 मध्ये ताकदवान इंजिनं आली आणि ती नळी गेली. पण मला ती तेरा वर्षं नाही, आधीची दहा वर्षं आठवत राहिली. गाडी खाली थांबली होती, पण म्हणून कोणी रूळ उखडले नव्हते.

त्याच बाकावरून बाबांना फोन लावला. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "परत पेपर कधी आहे?" बस्स, एवढंच. मी मात्र रडले.

केटी सुटली. 46 मार्क, पण सुटली! आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, व्हॅक्यूम प्रेशरचं गणित मी पूर्ण सोडवलं होतं.