ओळख

आमच्या पेठ वडगावात कुठलंही काम निघालं की पहिला प्रश्न ठरलेला : 'तिथं कुणाची ओळख हाय का?' दाखला काढायचा असो, दवाखान्यात खाट मिळवायची असो, नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत पोराला चिकटवायचं असो. ओळख म्हणजे आपलं काम पुढं सरकवणारा माणूस. काम झालं की पेढे द्यायचे आणि पुढच्या कामापर्यंत त्याला विसरायचं.

देवाशीही माणसाची ओळख बऱ्याचदा एवढीच असते. 1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि या भागात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहायला सुरुवात झाली. मी अशाच एका घरात वाढलो. रविवारची उपासना, नाताळची गाणी, जेवणाआधीची प्रार्थना हे सगळं जन्मापासूनचं. पण हे सगळं असूनही रोजचं नीट वागण्याचं बळ कुठून आणायचं, हा प्रश्न वेगळाच असतो.

आमच्या घरी तो प्रश्न दोन वर्षांपूर्वी आला. आण्णांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. रात्री दोनला लाईट आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला निघणारा माणूस आता कूस बदलायलाही हाक मारतो. बोलताना जीभ अडखळते, शिव्या मात्र स्पष्ट येतात. ताट ढकलतात. कपडे बदलताना हात झटकतात. दिवसा आईची पाळी, रात्री माझी, आणि सकाळी आठला मला फाउंड्रीत हजर व्हायचं असतं.

अशा वेळी फोन उघडला की प्रेरणा देणारी रील्स रांगेनं येतात. पहाटे उठा, निर्धार करा, 21 दिवसांत सवय लावा. निर्धारावर काही दिवस निघतातही. पण रात्री तीनला तिसऱ्यांदा चादर बदलताना निर्धार नावाचा गडी आसपास नसतो.

पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच 'ओळख' हा शब्द येतो. पेत्राचं म्हणणं असं, की जगायला आणि सुभक्तीला लागणारं सगळं देवाच्या सामर्थ्यानं दिलेलं आहे, आणि ते आपल्याला मिळतं ते ज्यानं बोलावलं त्याच्या ओळखीतून. सुभक्ती म्हणजे देवाला आवडेल असं रोजचं वागणं. ओळख म्हणजे इथं वशिला नव्हे. आईच्या पावलांचा आवाज आपण अंधारात ओळखतो, तसली ओळख.

या दोन ओळखींमधलं अंतर पंडिता रमाबाईंनी स्वतः भोगलं होतं. दुष्काळात आई, वडील, बहीण गमावलेली, भावाबरोबर देशभर पायपीट केलेली ही बाई. निर्धाराची तिच्याकडे कमतरता नव्हती. 1883 साली इंग्लंडमधल्या वॉन्टेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतरची कितीतरी वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. त्याची ओळख पटल्यावर आतली ओढाताण शांत झाली. केडगावची 'मुक्ती' त्यानंतरची. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली त्यांनी तिथं वाढवल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी बायबल आणलं. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी शेवटपर्यंत त्यांचं काम थांबलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या.

इतकं बळ एका बाईत कुठून आलं, असं आपण विचारतो. त्यांचं उत्तर होतं, ते माझं नाही.

हे उत्तर मला पूर्वी विजेसारखं वाटायचं. म्हणजे वरून सप्लाय आला की मोटार सुरू. पण येशूनं स्वतः उदाहरण दिलं ते वेलाचं. आमच्या शेजारच्या तासगावात जाऊन बघा. घड यावा म्हणून फांदी दात-ओठ खात नाही. ती वेलाला धरून असते, रस तिच्यात येत राहतो. फांदीचं काम चिकटून राहण्याचं.

चिकटून राहायचं म्हणजे काय, तर माझ्यापुरतं साधं आहे. आण्णांचा डोळा लागला की फोनचा उजेड कमी करून शुभवर्तमानातला एखादा भाग वाचायचा, आणि त्यातल्या माणसाकडं बघत बसायचं. योहानाच्या तेराव्या अध्यायात तो शिष्यांचे पाय धुतो. काम चाकराचं आहे. उद्या मरण आहे हे त्याला माहीत आहे. समोरच्यांतला एकजण आपल्याला पकडून देणार आहे हेही माहीत आहे. तरी त्याचेही पाय तो धुतो. हे मी कितीदा वाचलं असेल. पण कोमट पाण्यात फडकं बुडवून आण्णांचा सुजलेला पाय पुसताना कळलं, की ही जागा त्याच्या सवयीची आहे. मी इथं एकटा नाही. ज्याला हे काम येतं, तो शेजारी बसला आहे.

यानं थकवा जात नाही. डोळे चुरचुरतात, पाठ दुखते, आण्णांच्या शिव्याही थांबलेल्या नाहीत. फक्त त्या शिव्यांच्या आत घाबरलेला माणूस दिसायला लागला आहे. तो मला माझ्या चांगुलपणानं दिसला नसता.

परवा रात्री चादर बदलत होतो. आण्णा बराच वेळ माझ्याकडं बघत होते. मग तुटक तुटक म्हणाले, "कंटाळत न्हाईस व्हय रं?"

"कंटाळतो की. पण रोजचं बळ रोज मिळतंय."

"आनि आजचं?"

"आजचं संपाय आलंय, आण्णा. झोपा आता."

ते हसले. अर्ध्याच ओठानं, पण हसले.