चुकवलेला खड्डा

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोटारीची चाके तीनदा वाकली. थोरली मुलगी नोकरीनिमित्त पेणला राहते. तिला व नातवाला भेटण्यासाठी आम्ही पतिपत्नी महिन्यातून एकदा तरी वसईहून पेणला जातो. पनवेल मागे पडून मुंबई-गोवा महामार्ग लागला की पत्नी जपमाळ हाती घेते. अलीकडे मात्र तिच्या रोझरीच्या मधोमध "अहो, पुढे खड्डा आहे" हे शब्द इतक्या वेळा येतात की तेही प्रार्थनेचाच भाग होऊन बसले आहेत.

पहिल्या खेपेस खड्ड्यातून गाडी बाहेर आली ती स्टिअरिंग थरथरवीतच. दुसऱ्या खेपेस रात्री ठीक असलेले चाक सकाळी जमिनीला टेकलेले आढळले. खिळा कोठेच नव्हता, वाकलेल्या रिमच्या कडेतून हवा हळूहळू निघून गेली होती. तिसऱ्या खेपेस टायरच्या अंगाला लिंबाएवढा फुगा आला. तिन्ही वेळा पेणबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमधील टायरवाल्याकडे जावे लागले. तो जॅकवर चाक उचलून फिरवी आणि रिमच्या कडेजवळ पेचकसाचे टोक स्थिर धरी. सरळ चाक त्या टोकापासून सारख्या अंतरावरून फिरते. आमचे चाक दर फेऱ्यास एका जागी टोकाला शिवून जाई. "बघा काका, इथे मार बसलाय," तो म्हणे.

तिसऱ्या वेळी माझा संयम सुटला. रस्त्यांवर, ते बांधणाऱ्यांवर, कर घेणाऱ्यांवर मी यथेच्छ तोंडसुख घेतले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाला, "ते सगळं खरं. पण थोडं तुमचंही आहे." मग हातातले काम न थांबवता त्याने मला जे समजावून सांगितले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

चाक वाकते ते खड्ड्यात उतरताना नव्हे, तर पलीकडच्या कडेवर आदळताना. त्या क्षणी लोखंड आणि दगड यांच्यामध्ये फक्त टायरचे रबर व त्यातली हवा असते. हवा कमी असेल तर टायर पूर्ण चेपला जातो आणि घाव थेट रिमवर बसतो. आमच्या गाडीला जावयाने हौसेने मोठी, चकचकीत अलॉय चाके बसवून दिली होती. चाक मोठे केले की त्याभोवतीचे रबर पातळ घ्यावे लागते; शोभा वाढते, पण मार झेलणारी गादीच नाहीशी होते. शिवाय अलॉयचे चाक जोराच्या माराने तडकूही शकते, आणि तडकलेले चाक वापरणे म्हणजे जिवाशी खेळ. साधे पोलादी चाक वाकते खरे, पण ते बहुधा ठोकून सरळ करता येते. चौथी गोष्ट ब्रेकची. घाबरून आपण खड्ड्यात शिरेपर्यंत ब्रेक दाबून धरतो. त्यामुळे गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, पुढच्या स्प्रिंगा आधीच दबतात आणि धक्का सोसायला त्यांच्यापाशी जागा उरत नाही. वेग अगोदरच कमी करावा आणि खड्ड्यात चाक उतरताना ब्रेक सोडून द्यावा.

मी गाडीला पुन्हा साधी पोलादी चाके बसविली, दर पंधरवड्यास हवा तपासू लागलो आणि वेग कमी केला. त्यानंतर चाक वाकले नाही. येथेच ही कहाणी संपली असती तर ती सांगण्यासारखी नव्हती.

सप्टेंबर महिना होता. ११ सप्टेंबर ही आचार्य विनोबा भावे यांची जयंती. नातवाला शाळेत त्यांच्यावर निबंध लिहावयाचा होता. १८९५ साली विनोबांचा जन्म झाला ते गागोदे बुद्रुक हे गाव पेण तालुक्यातच, पेणहून खोपोलीकडे जाणाऱ्या वाटेवर. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही तिकडे निघालो. भाताची खाचरे हिरवीगार झाली होती, डोंगरावरून ओहोळ वाहत होते, आणि त्या साऱ्या सौंदर्याच्या मधून जाणारा रस्ता ठिकठिकाणी उखडला होता.

कोकणातला पाऊस रस्त्याला कसा खातो, हेही नातवाला त्या निमित्ताने दाखविता आले. डांबराला बारीक भेग पडते, तीत पाणी शिरते. वरून जड वाहन गेले की ते पाणी दाबाने खडीमध्ये घुसते आणि खडीला धरून ठेवणारे डांबर सोडविते. गटारे तुंबलेली असली की खालची मातीही भिजून खचते. म्हणून गटार न काढता नुसता खड्डा भरला, तर पुढच्या सरीत तो पुन्हा तोंड उघडतो. महामार्गाची कथा याहून मोठी. पनवेल ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. त्यानंतर एक तप उलटून गेले तरी प्रवाशांची फरफट संपली नाही.

गागोद्यात आम्ही विनोबांचे घर पाहिले. हा मनुष्य १९५१ साली भूदानासाठी निघाला आणि सुमारे तेरा वर्षे देशभर पायी चालला. भूमिहीनांसाठी दारोदार जमीन मागत फिरणाऱ्या या हिंदू संताने आपल्या नव्या करारातून वेचे निवडून 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध केले, हे मी नातवाला मोठ्या अभिमानाने सांगितले. रस्त्याने चालणाऱ्याला रस्त्याकडेचा माणूस दिसतो, असेही काहीसे बोललो. बोलणे सोपे असते.

जाताना एका वळणापुढे पाण्याने भरलेला एक खोल खड्डा मला थोडक्यात चुकविता आला होता. "येताना आठवण कर हं," असे मी नातवाला बजावून ठेवले होते. परतताना त्याने इमानेइतबारे आठवण केली. मी झटकन गाडी उजवीकडे घेतली. खड्डा चुकला, चाक वाचले. आणि मागे काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

आमच्यामागून एक तरुण मोटारसायकलवरून येत होता. माझ्या गाडीच्या आडोशामुळे तो खड्डा त्याला अखेरच्या क्षणापर्यंत दिसलाच नव्हता. गढूळ पाण्यात त्याची गाडी पडली होती आणि तो रस्त्याच्या कडेला हात धरून बसला होता. आम्ही त्याला पेणला रुग्णालयात नेले. मनगटाचे हाड मोडले होते. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून यापेक्षा अधिक काही झाले नाही. मी ओशाळून त्याची क्षमा मागू लागलो, तर तोच म्हणाला, "तुमची काय चूक काका? खड्डा तर होताच ना."

त्याच्या त्या बोलण्याने मी सुटलो नाही. त्याला तो खड्डा ठाऊक नव्हता. मला सकाळपासून ठाऊक होता. दोन दगड रचून त्यावर झाडाची फांदी ठेवायला पाच मिनिटे पुरली असती. मी तो लक्षात ठेवला, पण केवळ माझ्या चाकासाठी.

यरीहोच्या वाटेवरची ती कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जखमी माणसाला याजकाने किंवा लेव्याने मारले नव्हते. ते केवळ बाजू काढून गेले. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ती मी इतकी वर्षे छातीवर हात ठेवून, पण कोणतेही कर्तव्य डोळ्यांपुढे न आणता म्हणत आलो. त्या दिवशी प्रथमच त्या कबुलीला खोली, रुंदी आणि गढूळ पाणी लाभले.

दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन मी तेथे गेलो. दगड रचले, फांदीला लाल कापड बांधले. खड्ड्याचे छायाचित्र जोडून संबंधित कार्यालयात लेखी अर्ज दिला व पोच घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आहे. तेव्हा असा अर्ज करणे म्हणजे कुणाची मनधरणी नव्हे, तो आपला हक्क आहे. पण हक्काची वाट न पाहणारी माणसेही असतात. मुंबईतील भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा जुलै २०१५ मध्ये पाण्याने भरलेल्या अशाच एका खड्ड्यामुळे गेला. तेव्हापासून ते स्वतःच्या हातांनी शहरातले शेकडो खड्डे बुजवीत आले आहेत. आपला खड्डा चुकवायला त्यांना उशीर झाला होता. म्हणून ते दुसऱ्यांचे बुजवू लागले.

आमचा खड्डा पंधरा दिवसांनी खडीने भरला गेला, परतीच्या पावसात पुन्हा उघडला. मी पुन्हा अर्ज दिला. दरम्यान, वसईला पापनिवेदनाच्या वेळी मी ही हकिकत धर्मगुरूंना सांगितली. ते हसतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, "त्या मुलाचा हात कसा आहे? आणि खड्डा बुजला का?"

हात आता बरा आहे. खड्डा दुसऱ्या अर्जानंतर डांबराने बुजला. मात्र शेजारचे गटार अजून तुंबलेलेच आहे, म्हणून तिसरा अर्ज लिहून ठेवला आहे. आगमनकाळात योहान बाप्तिस्ताचा आवाज आपल्याला पुन्हा ऐकू येईल: प्रभूसाठी वाट सरळ करा, खोलगट जागा भरून काढा. इतकी वर्षे मी त्यातला खोलगटपणा माझ्या मनात शोधीत होतो. तो तेथे आहेच. पण यंदा तो पेणच्या वाटेवरही दिसेल, आणि गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी मी एक फावडे ठेवले आहे.